सासऱ्यांशिवाय चालवून पाहा

‘एकच कमांड द्या, बाकी आम्ही बघतो,’ असं त्या टूलच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ‘बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यांवर मी एरवी विश्वास ठेवत नाही. प्लंबर असं म्हणाला होता तेव्हा बाथरूमची भिंत गेली. पण माणसाने म्हणणं वेगळं आणि यंत्राने म्हणणं वेगळं, यंत्राला कशाला खोटं बोलायचंय, असा विचार करून मी ती कमांड दिली. त्यानंतर मला जे धक्के बसले त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. हे लिहितानासुद्धा मधूनमधून हात थांबतोय.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि शाळेचं वेळापत्रक करणारा एक प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलेला आहे. ‘स्वतः’ हा शब्द मी इथेच एकदा म्हणून घेतो, कारण पुढे म्हणायची सोय राहणार नाही. वेळापत्रक करणं हे काय प्रकरण असतं हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. चित्रकलेच्या बाईंना पहिला तास चालत नाही, पीटीच्या सरांना जेवणानंतरचा चालत नाही, आणि गणिताच्या बाईंना सगळे तास चालतात, पण त्या कुणालाच चालत नाहीत. पूर्वी आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सुट्टीभर कागद खोडत बसायच्या आणि शाळा उघडेपर्यंत त्यांचं बोलणं तिरसट झालेलं असायचं. मी प्रोग्रॅम लिहिला आणि त्या पुन्हा माणसांत आल्या.

माझी पद्धत ठरलेली होती. सुट्टी संपत आली की एका दुपारी जेवून उठायचं, हॉलमधल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम सुरू करायचा, झोप मोडू नये म्हणून त्याचा आवाज आणि पडदा बंद करायचा आणि आत जाऊन आडवं व्हायचं. प्रोग्रॅमने विचार करावा, मी झोपावं, अशी आमची कामाची वाटणी. त्याला अख्खी दुपार लागायची. संध्याकाळी चहाला उठावं तर पडद्यावर वेळापत्रक तयार, एकही चूक नाही, एकाही मास्तराची कुरकुर नाही. एवढा वेळ लागतो म्हणजे आत किती खोल विचार चालला असेल, असं वाटून मला स्वतःचाच आदर वाटायचा.

माझे सासरे आमच्याकडेच राहतात. उभा जन्म त्यांनी रेल्वेत काढला. कुठल्या गाडीला कुठल्या रुळावर घ्यायचं, कुणाला थांबवायचं, कुणाला पुढे काढायचं, हे ते एका खोलीत बसून ठरवायचे. अशा माणसाला मास्तर जावई म्हणजे काय वाटणार! घंटा झाली की बोलायचं थांबणारा माणूस, एवढीच त्यांच्या लेखी माझी किंमत. वर्षभर ते खिडकीशी पेपर घेऊन बसतात आणि ‘हूं’ आणि ‘बरं’ यापलीकडे माझ्याशी बोलत नाहीत. पण सुट्टी संपत आली की स्वतःहून विचारतात, ‘जावईबापू, यंदाचं वेळापत्रक कधी लावताय?’ जावईबापू! त्या एका प्रोग्रॅममुळे मी घरात जावईबापू होतो. तेवढी एकच माझी जागा त्यांच्या नजरेत होती आणि ती मला जपायची होती.

तर यंदा मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, ‘सर, आजूबाजूच्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक सोमवारी आपल्याकडे जमणार आहेत. तुमचा प्रोग्रॅम आपण त्यांना देऊन टाकू. तुम्ही चालवून दाखवा.’

मी म्हटलं, ‘अवश्य!’

हा शब्द मी आयुष्यात फार वापरला आणि प्रत्येक वेळी तो मला नडला. प्रोग्रॅम उचलून शाळेच्या कॉम्प्युटरवर नेला तर तो उघडेचना. म्हणे अमुक एक वस्तू सापडत नाही. ती शोधून आणली तर तिला तमुक हवी. तमुकची आणखी कुठली नवी आवृत्ती हवी, आणि ती नवी आवृत्ती आली की अमुकला ती चालत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं गुपचूप नांदत होती आणि मला त्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, ‘सर, पंखा लावू का? तुम्हाला घाम आलाय.’

तेव्हा कुठे मला कळलं की प्रोग्रॅम नुसता लिहून भागत नाही, त्याला लागणारं सगळं सामान त्याच्याबरोबर बांधून द्यावं लागतं. आणि हे बांधाबांधीचं काम करणारं टूल असतं, तेही फुकट. असं बांधलेलं गाठोडं इंटरनेटवरच्या एका भांडारात ठेवलं की जगात कुणीही घ्यावं, उघडून आतलं वाचावं, बदलावं आणि वापरावं. मला ही कल्पना फार आवडली. मी ती उत्साहाने जिन्यात बोलून दाखवली, ही माझी चूक झाली.

तळमजल्यावरचे वकील म्हणाले, ‘फुकट देताय? मग तर जपून. विकत घेतलेली वस्तू बिघडली की माणसाला स्वतःचीच लाज वाटते, तो गप्प बसतो. फुकट दिलेली बिघडली की तो कोर्टात येतो.’

समोरचे फ्रिजवाले, म्हणजे ज्यांचं फ्रिजचं दुकान आहे ते, म्हणाले, ‘आणि आतलं सगळं उघडं? कुणीही बघणार? अहो, आम्ही फ्रिजचं मागचं झाकणसुद्धा गिऱ्हाइकाला काढू देत नाही. विश्वास उडतो.’

मी दोघांनाही हसून दाखवलं. पण मनात चलबिचल झालीच. भांडाराच्या दारावर पुन्हा वेगळी चौकशी. प्रोग्रॅमचं वर्णन एका ओळीत लिहा. मी लिहिलं, ‘वेळापत्रक करणारा उत्कृष्ट व निर्दोष प्रोग्रॅम.’ ते परत आलं. शेरा असा, की वर्णनात स्वतःची स्तुती करू नये. मी ‘उत्कृष्ट’ काढला. पुन्हा परत. ‘निर्दोष’ हीसुद्धा स्तुतीच आहे, आणि बहुधा खोटी आहे. बहुधा! ज्याने माझं तोंड पाहिलं नाही त्याने मला ‘बहुधा खोटी’ म्हणावं? मग आवृत्तीचा आकडा. मी आपला भरीव दिसतो म्हणून दहा टाकला होता. त्यावर प्रश्न आला की आधीच्या नऊ कुठे आहेत. हे सगळे शेरे ‘साळिंदर’ असं टोपणनाव घेतलेला कुणी स्वयंसेवक लिहीत होता. तो कुठल्या देशात बसतो, पुरुष की बाई, काही कल्पना नाही. लिहायचा मात्र अत्यंत नम्रपणे, आणि त्या नम्रपणाचाच मला जास्त संताप यायचा. बाहेर रिकामं वर्णन, शून्याने सुरू होणारा आकडा आणि खाली माझं नाव, इतकं झाल्यावर त्याने आत येऊ दिलं.

आता आली ती कमांड. हे टूल काय करतं, तर कॉम्प्युटरच्या पोटात एक रिकामी खोली बांधतं. त्या खोलीत तुमचं काहीच नसतं, ना तुमच्या फायली, ना तुमच्या सवयी. तिथे ते तुमचा प्रोग्रॅम पहिल्यापासून बांधतं, चालवून बघतं आणि चालला तरच गाठोडं बांधतं. मी कमांड दिली, उठलो, झोपायला म्हणून निघालो, आणि चप्पल पायात सरकवतोय तोवर टुण्ण असा आवाज झाला. वेळापत्रक तयार.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अख्ख्या दुपारचं काम डोळ्याचं पातं लवतंय तोवर! मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, ‘अगं, टूलने माझा प्रोग्रॅम शंभर पट वेगवान केला!’ आतून बायकोच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं आनंदाने पडलं.

मग मी वेळापत्रक वाचलं. पीटीचे सर गुरुवारी तीन वर्गांत एकदम उभे होते. सातवीला सकाळी प्रार्थना झाल्यापासून सुटेपर्यंत गणित. चित्रकलेच्या बाईंना आठवडाभर एकही तास नाही, आणि मी, हा प्रोग्रॅम लिहिणारा मी, एकाच वेळी प्रयोगशाळेत आणि मैदानावर. इतकं निर्लज्ज वेळापत्रक मी कधी पाहिलं नव्हतं.

तडक साळिंदराला पत्र लिहिलं. ‘तुमच्या टूलने माझ्या चांगल्या चालत्या प्रोग्रॅमची वाट लावली आहे. माझ्या घरी तो वर्षानुवर्षं एकही चूक करत नाही. खुलासा व्हावा.’

उत्तर आलं. ‘नमस्कार. वाईट वाटलं. तुमच्या घरी त्याला किती वेळ लागतो?’

‘अख्खी दुपार.’

‘इथे तर क्षणही लागत नाही. मग उरलेली दुपार तो काय करतो?’

मी लिहिलं, ‘विचार करतो.’

त्यावर त्याने एक परीक्षा सांगितली. म्हणे, एकच प्रोग्रॅम, एकच माहिती, घरीच दोनदा चालवा. उत्तर अक्षर न् अक्षर सारखं यायला हवं. नाही आलं तर आम्ही गाठोडं घेत नाही. मी दोन दिवस लागोपाठ दुपारी प्रोग्रॅम लावून झोपलो. दोन्ही वेळा संध्याकाळी सुरेख वेळापत्रक. पण ताडून पाहिलं तर सारखं नाही! काल चित्रकला मंगळवारी होती, आज गुरुवारी. काल माझा शेवटचा तास मोकळा होता, आज मला शेवटचा तास नववीवर. दोन्हीत चूक नाही, पण दोन्ही वेगळी.

साळिंदराने लिहिलं, ‘हे विचित्र आहे. यंत्र चुकलं तर दर वेळी तेच चुकतं. हे तर कुणाच्या तरी मनात येईल तसं झालंय.’ आणि मग म्हणाला, कॉम्प्युटरच्या आसपासची एकेक वस्तू काढून बघा, कशामुळे फरक पडतो ते सापडेल.

झालं. घरात सोहळा सुरू. प्रिंटर काढला, वेळापत्रक चांगलंच. स्पीकर काढले, चांगलंच. इंटरनेटची तार उपटली, चांगलंच. जिन्यात बातमी पसरली. फ्रिजवाले टेस्टर घेऊन आले आणि भिंतीतले सगळे स्विच उघडून बसले. ‘अर्थिंगचा प्रश्न आहे,’ ते ठामपणे म्हणाले. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या प्रश्नांचं मूळ अर्थिंगमध्ये असतं. त्यांनी हॉलमधला दिवा लागेनासा केला आणि चहा घेऊन गेले. वकील दारातूनच म्हणाले, ‘मी सांगितलं होतं.’ त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं हे मला आठवेना, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान खरं होतं.

शेवटी मी कॉम्प्युटर उचलून बेडरूममध्ये नेला. प्रोग्रॅम लावला. टुण्ण! क्षणात तयार, आणि पीटीचे सर पुन्हा तीन वर्गांत. परत हॉलमध्ये आणला, दुपारी लावून झोपलो, संध्याकाळी सुरेख. मी अक्षरशः घाबरलो. विज्ञानाचा मास्तर मी, मुलांना रोज सांगतो की कारणाशिवाय काही घडत नाही, आणि माझ्याच घरात प्रोग्रॅमला हॉल मानवत होता आणि बेडरूम मानवत नव्हती.

या सगळ्या काळात बायकोचं वागणं जरा चमत्कारिक होतं. ‘कशाला नसती उठाठेव? चालतंय तसं चालू द्या ना,’ असं ती सारखं म्हणत होती. सासरे तर पेपर उलटा धरून बसले होते. पण माझं लक्ष कुठे होतं! सोमवार तोंडावर आलेला.

मी साळिंदराला सगळं प्रामाणिकपणे कळवलं. त्याने विचारलं, ‘हॉलमध्ये असं काय आहे जे बेडरूममध्ये नाही?’

मी मान वर करून पाहिलं आणि दिसेल ते लिहिलं. ‘सोफा. भिंतीवरचं घड्याळ. मनीप्लांट. सासरे.’

उत्तर लगेच आलं. एकच ओळ होती.

‘कृपया एकदा सासऱ्यांशिवाय चालवून पाहावं.’

मी हसलो. अगदी खो खो हसलो. मग मला वाटलं, चला, शास्त्र म्हणजे शास्त्र, प्रिंटर काढून बघितला तसं हेही बघू. मी बायकोला म्हटलं, ‘बाबांना जरा चष्मेवाल्याकडे घेऊन जातेस? काच सैल झालीय म्हणत होते ना?’

‘आत्ता? या उन्हात?’ ती एकदम पांढरी पडली. ‘आणि काच घट्ट आहे!’

‘हललीय हललीय,’ सासरे घाईघाईने म्हणाले, ‘पण आज नको.’

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. मी जवळजवळ ढकलतच त्यांना रिक्षात बसवलं, वर आलो, प्रोग्रॅम लावला आणि या खेपेला झोपलो नाही. समोर खुर्ची टाकून बसलो.

टुण्ण.

पीटीचे सर तीन वर्गांत.

पंख्याचा आवाज येत होता. त्या आवाजात माझी सगळी वर्षं, मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर केलेलं कौतुक, ‘सरांचा प्रोग्रॅम म्हणजे बघायलाच नको,’ ते माझं ‘छे छे, त्यात काय एवढं’ म्हणणं, सगळं माझ्या कानांत गरगर फिरायला लागलं. तरी मन कबूल होईना. म्हटलं, योगायोग असेल. अर्थिंग असेल!

दार उघडलं. सासरे आत आले, त्यांची नजर पडद्यावर गेली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘अरे रे रे! पीटी पुन्हा तिकडेच!’ आणि चपला न काढता ते थेट खुर्चीशी आले. मी आपोआप उठलो. त्यांनी माऊस धरला, पीटीच्या सरांना एका वर्गातून उचललं, शुक्रवारी ठेवलं, तिथल्या गणिताला बुधवारी ढकललं, चित्रकलेला मधल्या फटीत सरकवलं. बोटं कशी चालत होती! माझ्यासमोर आपण हे करतोय याचं त्यांना भानच राहिलं नव्हतं. भान आलं तेव्हा ते थांबले, पण हात माऊसवरून निघाला नाही.

‘बाबा,’ मी म्हटलं. माझा आवाज कुणा तिसऱ्याच माणसाचा वाटत होता. ‘दर वर्षी?’

‘दर वर्षी,’ ते म्हणाले.

‘मी झोपल्यावर कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो म्हणायचात ते?’

‘मला पत्ते येत नाहीत.’

मी बायकोकडे वळलो. ती दारात पर्स छातीशी धरून उभी होती. ‘पहिल्याच वर्षी तुम्ही झोपल्यावर मी येऊन पाहिलं तर सगळा गोंधळ. मी तुम्हाला उठवायला आत आले होते हो. पण तुम्ही झोपेत हसत होतात. मला उठववेना. बाबा म्हणाले मी बघतो. मग दुसऱ्या वर्षी कसं सांगणार? आणि तिसऱ्या वर्षी तर नाहीच सांगता येत.’

‘पण बाबा, तुम्ही तरी!’

‘दोन गाड्या एका रुळावर मी जन्मात सोडल्या नाहीत,’ सासरे म्हणाले. ‘तुम्ही तीन-तीन सोडत होतात. बघवत नव्हतं, म्हणून केलं. आणि बोलायचं नाही अशी हिने शपथ घातली होती. न बोलणं मला फार जड गेलं.’

मला राग यायला हवा होता. आलाही. मी बेडरूममध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. ज्या माणसाच्या नजरेत जागा असावी म्हणून मी वर्षभर त्या एका दुपारची वाट बघायचो, त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तो ‘जावईबापू’ म्हणत होता ते कुठल्या सुरात म्हणत होता, हे मी आठवून आठवून तपासू लागलो आणि प्रत्येक आठवण जास्तच लाजिरवाणी निघाली.

सोमवार मात्र कुणाच्या लाजेसाठी थांबत नाही. मी साळिंदराला खरं ते कळवलं. लिहिताना कान तापले होते. ‘तुमचा अंदाज बरोबर ठरला. प्रोग्रॅमला चालायला माझे सासरे लागतात.’

त्याने अजिबात थट्टा केली नाही. उलट लिहिलं, ‘सापडलं हे फार छान झालं. सासरे गाठोड्यात बांधता येणार नाहीत. पण ते काय करतात हे त्यांना विचारता येईल का?’

मी दार उघडून बाहेर आलो. सासऱ्यांना विचारलं. ते आधी ‘हूं’ म्हणाले, मग जे बोलायला लागले ते थांबेनात. ‘जी गाडी सगळ्यात अडलेली, ती आधी काढायची. तुम्ही मोकळ्या गाड्या आधी सोडता आणि अडलेल्या शेवटी कोंबता. पीटीच्या माणसाला मैदान एकच, म्हणजे तो अडलेला. त्याला आधी बसवा. ज्याला कुठेही चालतं त्याला शेवटी. आणि कुठे कोंडलंच तर शेवटची एकच गाडी मागे घ्यायची, सगळं स्टेशन रिकामं नाही करायचं.’ मी हे जसंच्या तसं लिहून पाठवलं. साळिंदराने आणि आणखी कुणी कुणी, ज्यांना मी कधी पाहणार नाही, त्यांनी ते माझ्या प्रोग्रॅममध्ये बसवून परत धाडलं. टूलने रिकाम्या खोलीत गाठोडं बांधलं. टुण्ण. बेडरूममध्ये, हॉलमध्ये, शाळेत, सगळीकडे तेच वेळापत्रक, अक्षर न् अक्षर सारखं, चूक एकही नाही.

सोमवारी मी सगळ्या मुख्याध्यापकांसमोर ती एकच कमांड दिली. टाळ्या पडल्या. मी उभा राहून सांगितलं की यातलं मुख्य डोकं माझ्या सासऱ्यांचं आहे. सगळे हसले. जावयाचा विनय म्हणून त्यांनी ते सोडून दिलं आणि मोठ्या बाईंनी मला पुष्पगुच्छ दिला. खरं बोलूनही श्रेय आपल्यालाच चिकटतं तेव्हा काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग काही आठवड्यांनी इतिहासाच्या सरांची बदली झाली आणि वेळापत्रक नव्याने करायची वेळ आली. मी घरी सहज बोललो. सासऱ्यांनी लगेच पेपर बाजूला ठेवला, चष्मा पुसला, खुर्ची कॉम्प्युटरजवळ आणली. मी कमांड दिली. टुण्ण. त्यांनी सोमवारपासून शनिवारपर्यंत एकेक चौकट वाचली. एक बोट पडद्यावरून फिरत होतं, पण कुठे टेकायला जागाच मिळेना.

‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. खुर्ची जराशी मागे घेतली. ‘पुन्हा कधी लागेल?’

‘लागलं तरी असंच होईल आता, बाबा. बघायला नको.’

‘बरं,’ ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले. रात्री अर्धं ताट तसंच ठेवून उठले. बायको माझ्याकडे बघून काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, म्हणजे मला उलट बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा सासरे आत पडले होते. मी हॉलमध्ये गुपचूप बसलो आणि त्या निर्दोष वेळापत्रकात हाताने चुका घातल्या. व्यवस्थित विचार करून घातल्या. भूगोलाला दोन ठिकाणी टाकलं, आठवीचा एक तास रिकामा ठेवला, ग्रंथालयात दोन वर्ग आणले. मग चेहरा लांब करून हॉलमधून ओरडलो, ‘बाबा, अहो, हे बघा काय झालंय! पुन्हा बिघडलं!’

ते आले. काय तरतरीत चालत आले! बसले, माऊस घेतला, भूगोल उचलला, ठेवला. मग त्यांचा हात मंदावला. ते पडद्याजवळ वाकले. मागे झाले. चष्मा काढला.

‘जावईबापू,’ ते म्हणाले, ‘या चुका तुमच्या नाहीत.’

मी विचारलं, ‘म्हणजे?’

‘तुमच्या चुका मी इतकी वर्षं बघतोय. तुमचं असं नसतं. तुम्ही सोमवारी फार हुशारीने सुरुवात करता. सगळ्यांना खूश ठेवता. मंगळवारीही तोल सांभाळता. मग ज्यांना दुखवायचं नाही अशी माणसं उरतात, आणि गुरुवारी त्यांची एकदम गर्दी होते. स्वतःला तर तुम्ही कायम दोन ठिकाणी टाकता. हे,’ त्यांनी पडद्याकडे हात केला, ‘कुणीतरी मोजून-मापून केलंय. यात जीव नाही.’

बायकोचं सोडा, माझ्या आईनेसुद्धा मला इतकं बारकाईने कधी वाचलं नसेल. माझे डोळे भरून आले, आणि ते अपमानाने की कशाने, हे मला त्या क्षणी ओळखता आलं नाही.

‘तो जुना आहे का?’ त्यांनी विचारलं. ‘तुमचा. सुधारलेला नको.’

भांडाराचं एक बरं असतं, तिथे जुनं काही फेकत नाहीत. मी माझी पहिली आवृत्ती शोधून काढली, जशी होती तशी, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून चालवली. गुरुवारी पीटीचे सर तीन वर्गांत जाऊन उभे राहिले. मी एकाच वेळी प्रयोगशाळेत आणि मैदानावर होतो.

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

‘हां,’ ते म्हणाले, ‘हे तुम्ही.’